कळकलेले दूध : एका बालरोगाचा इतिहास

मराठीत ‘कळकणे’ असे एक क्रियापद आहे. ज्यांच्या घरी पितळेची भांडी होती आणि ती वापरणारी आजी होती, त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. पितळेच्या पातेल्यात ताक राहिले, चिंचेची आमटी राहिली, की ती कळकते. तिला तुरट, कडवट चव येते, भांड्याच्या काठावर हिरवट डाग दिसतो आणि खाणाऱ्याला मळमळते. म्हणून आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवायचा नाही, हा नियम घरातल्या लहान मुलीलाही पाठ असे. आंबटाने तांबे विरघळते आणि विरघळलेले तांबे पोटाला बाधते, हे रसायनशास्त्र आपल्या घरांनी एका क्रियापदात साठवून ठेवले होते.

या व्याख्यानाचा विषय त्याच ज्ञानातली एक राहून गेलेली जागा आहे. ताक कळकते हे आपल्याला ठाऊक होते. दूध कळकते हे ठाऊक नव्हते. कारण कळकलेल्या दुधाची चव बदलत नाही, रंग बदलत नाही, ते पिऊन कुणाला लगेच उलटी होत नाही. त्याचा परिणाम दिसायचा तो काही महिन्यांनी, आणि तोही फक्त तान्ह्या मुलांत. शंभर वर्षे आपल्या देशातली मुले त्याने दगावली, आणि दोष घराण्याला, आईच्या नशिबाला, कधी सुनेच्या पायगुणाला दिला गेला.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गायकवाडी अमलात इकडे आले. पलसाणा तेव्हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत होते. कारकुनी, मास्तरकी, महसूल खाते अशा निमित्ताने आलेल्या या कुटुंबांनी बरोबर काय आणले असेल? देव आणले आणि भांडी आणली. चरवी, कासंडी, पातेली, तपेली, घंगाळ, बंब. आम्हा जैनांच्या घरांतही पितळेचे तेच राज्य होते. उकळून गार केलेले पाणी पितळेच्या भांड्यातच भरून ठेवत. पुण्याच्या तांबट आळीपासून सौराष्ट्रातल्या शिहोरपर्यंत भांडी घडवणाऱ्यांचे हातोडे चालत होते. म्हणून हा इतिहास पुण्यात उलगडला असला, तरी तो आपल्या दोन्ही घरांचा आहे.

आधी रोगाची ओळख करून देतो. वैद्यकीय ग्रंथांत त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ म्हणतात, म्हणजे भारतीय बालकांचा यकृतकाठिण्यरोग. घरगुती भाषेत लोक एवढेच म्हणत, “मुलाला लिव्हर झालंय.” मूल साधारण सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे, चांगले बाळसे धरलेले. हळूहळू ते किरकिरे होते. बारीक ताप राहतो, भूक मरते, पोट पुढे येऊ लागते. डॉक्टर पोटावर हात ठेवतात तेव्हा बरगडीखाली यकृताची कड लागते, कठीण आणि पानाच्या कडेसारखी धारदार. मग कावीळ होते, पोटात पाणी भरते आणि काही महिन्यांत मूल जाते. एकाच घरात पहिले मूल गेले, दुसरे गेले, तिसरेही त्याच वाटेने गेले, असे घडे. मुलींपेक्षा मुलांत हा रोग जास्त दिसे.

कलकत्त्याचे डॉक्टर सेन यांनी १८८७ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये या रोगाचे वर्णन केले. त्यानंतर बंगालपासून मद्रासपर्यंत आणि मुंबई इलाख्यापासून पंजाबपर्यंत त्याच्या नोंदी येत राहिल्या. मद्रासच्या जम्मी व्यंकटरमणय्या यांचे मुलांच्या यकृतावरचे औषध देशभर प्रसिद्ध होते. ज्या देशात एका बालरोगाच्या औषधाचे नाव घरोघर पोहोचते, त्या देशात तो रोग किती घरांत शिरला असेल, याची कल्पना करावी.

कारणांचे तर्कही पुष्कळ झाले. कुणी विषाणू म्हटले, कुणी कुपोषण, कुणी बुरशी लागलेल्या धान्याचे विष, कुणी आनुवंशिकता. कुपोषणाचा तर्क टिकेना, कारण रोग अगदी गरिबांच्या झोपडीपेक्षा खाऊनपिऊन असलेल्या मध्यम स्थितीतल्या हिंदू घरांत जास्त दिसे. आनुवंशिकतेचा तर्क पटण्यासारखा होता, कारण एकाच घरातली भावंडे दगावत. पण भावंडांना आईबापांकडून रक्त मिळते तसेच स्वयंपाकघरही मिळते. एका घरातली मुले एकाच पातेल्यातले दूध पितात, ही साधी गोष्ट बराच काळ नजरेआड राहिली.

आता थोडे यकृताविषयी. ते समजल्याशिवाय पुढचा इतिहास समजणार नाही.

आपल्या शरीरातले यकृत हे एक अजब इंद्रिय आहे. मेंदूची पेशी गेली की तिची जागा सहसा भरून येत नाही. यकृताचे तसे नाही. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला. उरलेल्या तिसऱ्या भागातल्या पेशी विभागू लागल्या आणि आठ-दहा दिवसांत यकृत जवळपास पहिल्याएवढे झाले. एरवी प्रौढ यकृतात एखादीच पेशी विभागताना सापडते. पण तोटा झाला की सगळी पेठ जागी होते.

तान्ह्या मुलाच्या यकृतात तर हे काम एरवीही चालूच असते. जन्मतः सव्वाशे-दीडशे ग्रॅमचे यकृत वाढून मोठेपणी सुमारे दीड किलोचे व्हायचे असते. ही वाढ पेशी फुगून होत नाही. बालपणात ती मुख्यतः पेशींच्या विभाजनाने होते. आणि या विभाजनावर आहाराची सत्ता चालते, हे विज्ञानाला अलीकडे अधिक स्पष्ट दिसू लागले आहे. उंदराच्या पिल्लात जन्मतः यकृताच्या जवळजवळ सगळ्या पेशी एका केंद्रकाच्या असतात. पिल्लू आईचे दूध सोडून दाणे खाऊ लागते, त्या दिवसांत विभाजनाची रीतच बदलते. पेशीचे केंद्रक दुभंगते, पण पेशी स्वतः दुभंगत नाही. एकाच पेशीत दोन केंद्रके राहू लागतात. दूध म्हणजे मुख्यतः स्निग्धांश, दाणे म्हणजे पिष्ट. आहार बदलला की इन्सुलिन वाढते. त्या इन्सुलिनच्या इशाऱ्यावर ही रीत बदलते, असे पॅरिसच्या संशोधकांनी २००९ साली दाखवले. माणसाच्या मुलात हा बदल कमी प्रमाणात आणि सावकाश होतो. पण मूळ गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उष्टावणाच्या दिवशी चांदीच्या वाटीतून खिरीचे बोट बाळाच्या ओठाला लागते, तेव्हा मुलाचे नवे खाणे सुरू होते आणि यकृताच्या पेशींचेही एक नवे वय सुरू होते. त्या वयाआधी तोंडात काय गेले, कशातून गेले, याला म्हणूनच फार महत्त्व आहे.

तांब्याच्या बाबतीत तर तान्ह्याचे यकृत आणखी नाजूक असते. तांबे शरीराला लागतेच, पण अत्यल्प. गर्भातले मूल शेवटच्या महिन्यांत आईकडून तांब्याची शिदोरी घेऊन यकृतात साठवते. निसर्गाचा हिशेब असा, की पुढचे काही महिने बाळ फक्त आईच्या दुधावर राहील आणि त्या दुधात तांबे थोडेच असेल, तेव्हा शिदोरी पुरेल. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. बाळाची ती मोरी अजून पुरती वाहती झालेली नसते. भरलेल्या कोठारात, तुंबलेल्या मोरीच्या घरात, बाहेरून आणखी तांबे येऊ लागले तर काय होणार?

नेमके हेच होत होते. आईला दूध कमी, किंवा आई पुन्हा गरोदर, किंवा घरात गाय-म्हैस आहे म्हणून बाळाला वरचे दूध लवकर सुरू होई. ते दूध पितळेच्या चरवीत काढले जाई, पितळेच्या पातेल्यात तापे आणि त्यातच झाकून ठेवलेले असे. त्यातले थोडे थोडे बोंडल्याने दिवसभर बाळाच्या पोटात जाई. पितळ म्हणजे साधारण दोन भाग तांबे आणि एक भाग जस्त. आतून कल्हई असेल तर कथिलाचा थर तांब्याला अडवतो. पण कल्हई झिजते, कल्हईवाला वर्षाकाठी कधीतरी येतो. शिवाय कल्हई आमटीच्या भांड्याला हवी, दुधाच्या भांड्याला कशाला, असे अनेक घरांना वाटे. दूध काही आंबट नसते.

घोळ इथेच होता. दुधाला तांबे विरघळवायला आंबटपणा लागत नाही. दुधातले केसीन नावाचे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. पितळेत ठेवलेल्या पाण्यात तांबे थोडे उतरते. त्याच पितळेत ठेवलेल्या दुधात पुष्कळ उतरते आणि केसीनला चिकटून बाळाच्या पोटापर्यंत जाते. ओनील आणि टॅनर यांनी १९८९ साली प्रयोग करून हे दाखवले. आजीच्या नियमात आंबटाची अट होती. केसीन कुणी पाहिले नव्हते.

आता इतिहास लंडन आणि पुण्याकडे वळतो. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या पोर्टमन, टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लान्सेट’मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. या भारतीय मुलांच्या यकृताचे काप ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगवले की पेशींमध्ये गडद तपकिरी कण दिसतात. दगडफुलासारख्या वनस्पतींपासून काढलेला हा रंग तांब्याला बांधलेल्या प्रथिनाला धरतो. पुढच्याच वर्षी यकृतातले तांबे मोजल्याचे निष्कर्ष आले. त्या कामात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित सहभागी होते. निरोगी यकृतात वाळवलेल्या एका ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबे असते. या मुलांत ते अनेकदा ८०० मायक्रोग्रॅमच्याही वर होते.

एवढे तांबे आले कुठून? विल्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक आनुवंशिक रोग आहे, त्यातही यकृतात तांबे साठते. पण या मुलांचा रोग तो नव्हता. तेव्हा पुण्यात डॉ. पंडित, डॉ. शीला भावे आणि डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी प्रयोगशाळेतून नजर काढून स्वयंपाकघराकडे वळवली. आजारी मुलांच्या आयांना आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या आयांना विचारले : वरचे दूध कधी सुरू केले? कोणते? कशात तापवले? कशात ठेवले? उत्तरांतला फरक स्वच्छ होता. आजारी मुलांच्या घरी जनावराचे दूध लवकर सुरू झालेले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातले होते. १९८३ साली ‘लान्सेट’मध्ये त्यांनी हे कारण जगापुढे मांडले, आणि १९८७ साली आजारी व निरोगी मुलांच्या जोड्या लावून केलेली तुलना प्रसिद्ध झाली.

वाचकहो, इथे मला माझ्या व्यवसायाविषयी एक वाक्य लिहिलेच पाहिजे. होमिओपॅथीत आम्ही रोग्याची हकीकत सविस्तर घेतो. त्याला थंडी सोसते की ऊन, गोड आवडते की खारट, हेही विचारतो. आमच्या औषधसंग्रहात तांब्यापासून केलेले क्युप्रम मेटॅलिकम आहे. तरीही भांड्याचा रकाना माझ्या माहितीतल्या कोणत्याही केसपेपरवर नव्हता. ना आमच्या, ना वैद्यांच्या, ना ॲलोपॅथीच्या. कुठलीही पॅथी या बाबतीत फुशारकी मारू शकत नाही. उत्तर आयांपाशी होते, आणि ते त्यांना विचारायला शंभर वर्षे लागली.

आता विभाजनाचा धागा पुन्हा हाती घेऊ. यकृतात एवढी शक्ती आहे, तर या मुलांचे यकृत नव्याने का वाढत नव्हते? दारूने किंवा काविळीच्या विषाणूने यकृत खराब होते, तेव्हा उरलेल्या पेशी विभागून नव्या पेशींच्या गाठी तयार करतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठी दिसतात. ती शरीराच्या झगड्याची खूण असते. या बालरोगात तीच खूण नसे किंवा अगदी क्षीण असे. दिल्लीचे डॉ. रामलिंगस्वामी आणि डॉ. नायक यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञांनी या यकृतांचा बारकाईने अभ्यास केला. पेशी फुगलेल्या, त्यांच्या आत प्रथिनांचे गोळे साचलेले, एकेका पेशीभोवती तंतूंचे जाळे आवळलेले, आणि नवी पेशी जवळपास नाही, असे ते चित्र होते.

याच्या कारणाविषयी १९७९ साली पॉपर, नायक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तर्क मांडला. पेशीच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. पेशी विभागताना गुणसूत्रे याच नळ्यांच्या दोऱ्यांनी दोन बाजूंना ओढली जातात. पेशीत मोकळे पसरलेले तांबे या नळ्यांची जुळणी बिघडवते, असा तो तर्क होता. तो मान्य केला तर चित्र जुळते. पेशी मरते, आणि शेजारची पेशी तिची जागा घ्यायला दोनाची चार होऊ शकत नाही. जागा तंतू भरतात. तंतू म्हणजे व्रण. व्रणांनी भरलेले इंद्रिय दगडासारखे होते.

यातून उपचारही निघाला. तांबे धरून लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन नावाचे औषध पुण्यात दिले गेले. कावीळ आणि जलोदर होऊन गेलेल्या मुलांना ते फारसे वाचवू शकले नाही. पण लवकर सापडलेल्या काही मुलांची यकृते सुधारली, ती मुले वाढली, शाळेत गेली. तांबे निघाले की पेशींना पुन्हा काम करता येते, याचा तो जिवंत पुरावा होता. त्याहून मोठा उपाय मात्र साधा होता. बाळाला आईचेच दूध द्या, आणि वरचे द्यावेच लागले तर पितळेतले देऊ नका. १९९२ साली या गटाने रोगाच्या प्रतिबंधावरचा निबंध प्रसिद्ध केला.

हे फक्त आपल्याकडेच झाले असेल, असे कुणाला वाटू नये. ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ मुलखात १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुले अशाच रोगाने दगावली. तिथले शेतकरी गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवत. १९९६ साली म्युलर आणि सहकाऱ्यांनी हा इतिहास मांडला, तेव्हा घराण्यांच्या वंशावळीही तपासल्या. निष्कर्ष असा, की तिथे आनुवंशिक दुबळेपणा आणि तांबे या दोन्हींची गाठ पडावी लागे. आपल्याकडेही पितळेतले दूध पिऊन वाढलेली सगळी मुले आजारी पडली नाहीत. तुमचे-माझे आजोबा त्यावरच वाढले. म्हणजे घराण्याचा अंश असेलही. पण टिरोलमध्ये रोग संपला तो घराणी बदलल्यामुळे नव्हे. भांडी बदलली आणि तो संपला.

आपल्याकडे भांडी कुणी बदलली? डॉक्टरांचा सल्ला काही घरांपर्यंत पोहोचला. पण त्याआधीपासून दारोदार एक बाई फिरत होती. डोक्यावर टोपली, टोपलीत चकचकीत स्टीलची भांडी. जुनी पँट, जरीची फाटकी साडी घेऊन ती बोहारीण पातेले देई. पितळ मोडीत गेले, कल्हईवाल्याची हाळी बंद झाली, तांबट आळीतले ठोके मंदावले. १९९०च्या दशकात बालरोगतज्ज्ञ लिहू लागले, की हा रोग आता दिसेनासा झाला आहे. आजच्या तरुण डॉक्टरांपैकी बहुतेकांनी त्याचा एकही रोगी पाहिलेला नाही. एका कलेचा ऱ्हास झाला याचे दुःख मलाही आहे. पण त्या घासाघिशीत किती मुलांची यकृते वाचली, याचा हिशेब बोहारणीला कधी कळला नाही आणि आपणही तो तिच्या नावावर मांडला नाही.

मग संपलेल्या रोगाचा इतिहास आज का सांगायचा? दोन कारणे आहेत.

पहिले असे, की तांबे परत आले आहे. भेटवस्तू म्हणून तांब्याच्या बाटल्या येतात, हॉटेलात तांब्याच्या पेल्यात ताक येते, ‘पूर्वज काही वेडे नव्हते’ असे संदेश फिरतात. पूर्वज वेडे नव्हतेच. त्यांनी ताकाला कल्हई लावली होती. मोठ्या माणसाने तांब्यातले पाणी प्यायले तर निरोगी यकृत त्याचा निपटारा करते. पण तान्ह्या मुलाचे दूध, पावडर कालवायचे पाणी किंवा पेज तांब्यापितळेत तापवू वा ठेवू नये. त्या भांड्यात लिंबूसरबत आणि ताकही नको. नातवंडाला चांदीची वाटी द्या, स्टीलचे पातेले द्या. वारसा म्हणून पणजीची चरवी द्यायची असेल, तर ती देवघरात ठेवायला द्या.

दुसरे कारण अधिक खोल आहे. पुण्याच्या त्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातली यकृतासारखी इंद्रिये लहान, पण अंगावरची चरबी मात्र फारशी कमी नाही. लहान यकृत घेऊन जन्मलेले असे मूल पुढे बिस्किटे, साखर आणि बैठ्या खेळांच्या जगात वाढते. मधुमेह आणि चरबीयुक्त यकृत हे आज आपल्या घरांतले रोग आहेत, आणि इथेही लोक चटकन म्हणतात, “आमच्या घराण्यातच आहे.”

घराण्यात असेलही. पण पुण्याच्या त्या डॉक्टरांनी जे प्रश्न विचारले, ते आधी आपल्या घरात विचारून पाहावेत. आई गरोदरपणी काय खात होती? बाळाला पहिले सहा महिने आईचे दूध मिळाले का? उष्टावणानंतर ताटात पहिल्यांदा काय आले, साखर की भाजी? रक्त बदलता येत नाही. पातेले बदलता येते, ताट बदलता येते. आपल्या सुनांना आणि लेकींना दोष देण्याआधी एवढे तपासले, तर जी मुले कारण न कळता गेली, त्यांच्या आयांवर शंभर वर्षे ठेवलेला बोल आपण थोडा तरी परत घेतला, असे होईल.